रोह्याला गेलो ते गाडीने सांगितलं

कोकणातून परत आल्यावर सोसायटीत जो भेटला त्याने विचारलं, कशी झाली ट्रिप? मी म्हणालो, छान झाली. थंडी बेताची होती, पोपटी खाल्ली, पेणहून पोह्याचे पापड आणलेत, घरी या. एवढं सांगून मी लिफ्टचं बटण दाबायचो. माझी बोलण्याची रीतच अशी. कमी बोललं की कमी चुकतं, असं धरून मी आजवर चाललो. या प्रवासात जे बोललो नाही त्यानेच सगळं बिघडलं, म्हणून आता लिहितो. मुलीला विचारून लिहितोय. नावं बदलली आहेत, आणि रोह्यात कुठल्या आळीत राहिलो ते लिहिणार नाही.

आधी जाण्याचं कारण. माझी मुलगी शलाका दिवाळीनंतर तिसऱ्यांदा नवऱ्याचं घर सोडून निघाली. केदार, माझा जावई, बोलायला गोड, भेटला की वाकून पाया पडणारा. तो तिचा फोन रोज तपासायचा, ऑफिसातून निघाल्यावर पोचायला उशीर का झाला ते विचारायचा आणि उत्तर पटलं नाही की मारायचा. पहिल्या वेळी ती आमच्याकडे आली, तेव्हा संसारात असं होतंच म्हणून मीच तिला परत नेऊन सोडलं. दुसऱ्या वेळी ती एका मैत्रिणीच्या खोलीवर गेली. तो तिथे पोचला आणि जिन्यात तिचा हात असा पिरगाळला की मनगट मोडलं. आता तिसऱ्या वेळी ती रोह्याला होती, सबाच्या अम्मीकडे. सबा तिची कॉलेजातली मैत्रीण, ती दुबईला नोकरीत, भाऊ कुवेतला. घरात अम्मी एकट्या. केदारने सबाचं नावही ऐकलेलं नव्हतं. शलाका तिथे आहे हे पुण्यात फक्त मला आणि बायकोला ठाऊक होतं. तो याही वेळी पोचला तर काय होईल, हे आम्ही दोघं घरात मोठ्याने बोलत नव्हतो.

केदारचा दर दोन दिवसांनी फोन यायचाच. "बाबा, काही कळलं का हो?" मी म्हणायचो, नाही रे. निघायच्या आधी मी त्याला आपणहून सांगितलं की पेणजवळ हमरापूरला चाललोय, सोसायटीच्या गणपतीची ऑर्डर द्यायला. लवकर दिली की मनासारखी मूर्ती मिळते. बायको म्हणाली, एसटीने जा. मी म्हटलं, माझा गुडघा आणि तुझे हे डबे, एसटीत कुठे मावायचे.

खोपोलीमार्गे पेण

घाट उतरून खोपोलीला बाहेर पडलं की हवा बदलते. आमच्याकडे जानेवारीत सकाळी कानटोपी लागते. इथे काच खाली केली तर ओल्या पेंढ्याचा वास आला. भात केव्हाच कापलेलं होतं, मोकळ्या खाचरांतून वाल हिरवागार पसरला होता, आणि बांधावर पेंढ्याच्या उडव्या उभ्या होत्या. गागोद्याची पाटी गेली. दोन्ही बाजूंना डोंगर, पण आमच्या सह्याद्रीसारखे अंगावर येणारे नाहीत. जरा लांब बसून बघत असल्यासारखे. मला बरं वाटत होतं. बऱ्याच दिवसांनी मुलगी दिसणार होती.

गाडीबद्दल सांगायला हवं. ती घेतली तेव्हा आमच्याकडच्या रीतीप्रमाणे सगळं जावयाच्या हातून झालं. नारळ त्याने फोडला, चाकाखाली लिंबं त्याने ठेवली, किल्ली पहिल्यांदा त्याने फिरवली. शोरूममधल्या बाईंनी गाडीच्या ॲपसाठी मोबाइल नंबर मागितला, तेव्हा मी केदारकडे बोट दाखवलं. जावयाला मान द्यायचा तो दिवस होता, आणि खरं सांगायचं तर मला त्यातलं काही येत नव्हतं. तसं बायकोसमोर म्हणायचं नव्हतं. केदारने आपला नंबर दिला, फोनवर आलेला कोड सांगितला, पानभर इंग्रजी मजकुराखाली हसत हसत 'मान्य' दाबलं आणि म्हणाला, सर्व्हिसिंग, विमा, सगळं मी बघतो, बाबा, तुम्ही फक्त चालवा. मी चार लोकांत ते अभिमानाने सांगत असे. शलाका त्या दिवशी ऑफिसात होती; यातलं तिला काही ठाऊक नव्हतं.

पेणला बाजारात थांबलो. रस्त्याला लागूनच पापडांची दुकानं. एका दुकानातली बाई म्हणाली, पोह्याची मिरगुंडं घ्या काका, तळली की फुलासारखी होतात. मी म्हटलं, आमच्या घरी बायको करते. ती म्हणाली, मग तर न्याच, तिलापण कळू दे कशी करायची. मी हसलो आणि घेतली. त्या प्रवासात मोकळेपणाने हसलो तो तेवढाच.

पिशवी मागच्या सीटवर ठेवत होतो तेव्हा फोनवर मेसेज आला. केदारचा.

"बाबा, पुढच्या डाव्या चाकात हवा कमी दाखवतेय. पेणमध्येच भरून घ्या. पुढे लवकर दुकान नाही."

मी वाकून बघितलं. चाक खरंच बसलं होतं. गाडीच्या काट्यांपाशी एक पिवळी खूण पेटलेली होती ती मी सीटच्या पट्ट्याची समजत होतो. मी काय केलं? त्याला 'थँक्यू रे' असं पाठवलं. आधी आली ती कृतज्ञताच. हवा भरून झाली, पंक्चरवाल्याने खिळा नाही म्हणून सांगितलं, आणि मग कुठे माझ्या डोक्यात आलं. पुण्यात बसून याला माझ्या चाकातली हवा कशी कळली? लगेच मीच स्वतःला समजावलं. ॲप आहे, त्यात दिसत असेल. आणि पेण? पेणला चाललो हे मीच सांगितलं होतं की.

हमरापूर

खोटं बोललेलं खरं करायला म्हणून हमरापूरला गेलो. तसं गाव बघण्यासारखं आहे. घराघराला लागून पत्र्याची शेड, तिला इथे कारखाना म्हणतात, आणि आत गणपतींच्या रांगाच रांगा. आमच्याकडे भाद्रपदात रंगवलेला, दागिने घातलेला गणपती बघायची सवय. इथे जानेवारीत सगळे पांढरेफटक, ओले, काहींचे हात अजून लावायचे राहिलेले. दोरीवर कपडे वाळत घातल्यासारख्या सोंडा एका फळीवर मांडून ठेवल्या होत्या.

मी गेलो त्या कारखान्याचे मालक माझ्याच वयाचे. किती उंच, बैठक कुठली, हे विचारून झाल्यावर म्हणाले, पुण्याचे ना? मग भाव मी सांगत नाय, तुम्हीच कमी करून सांगा. त्यांच्या मंडळी आत साच्यातून मूर्ती काढत होत्या. त्यांनी चहा केला. मी एका मूर्तीकडे फार वेळ बघत राहिलो असणार, कारण त्या म्हणाल्या,

"आत्ता आंधळेच हाईत सगळे. डोळ्यांची आखणी शेवटाला. एकदा डोळे आखले की त्याच्याम्होरं बसून कुनाचं वाईट बोलवत नाय बघा."

"डोळे कोण आखतं?"

"मीच. यांचा हात थरथरतो." आणि नवऱ्याकडे बघून, "आनि यांना बोलल्याबिगर ऱ्हावत नाय."

ते दोघं हसले. मी त्या पांढऱ्या, कोऱ्या चेहऱ्यांमध्ये बसून चहा प्यायलो आणि मला तिथून उठावंसं वाटेना. बाहेर उन्हात माझी गाडी उभी होती. तिच्याकडे पाठ करून बसलो होतो हे मला नंतर लक्षात आलं.

कासू

वडखळ सोडलं की एका बाजूला खाडीचा चिखल आणि खारफुटी, दुसरीकडे रेल्वेचा रूळ. वास खारट, जरासा कुजका. कासूच्या आधी गाडीत फोन वाजला. माझा फोन त्या गाडीला जोडलेला असतो, त्यामुळे तो चारी दारांतून वाजतो. केदारचा आवाजही चारी दारांतून आला.

"बाबा, झालं का काम? कुठे पोचलात?"

मी म्हणालो, "हमरापुरातच आहे अजून."

तो काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "बरं. सावकाश या. घाई करू नका."

फोन बंद झाला आणि मी गाडी बाजूला घेतली. ज्यांना सांगावंच लागलं त्यांना मी नंतर असं सांगितलं की मला दुसऱ्या दिवशी कळलं. ते खरं नाही. मला तिथेच कळलं. त्याच्या त्या गप्प राहण्यात कळलं. तो विचारत नव्हताच. मी खोटं बोलतो का ते बघत होता.

कासूचं स्टेशन जवळच होतं. गाडी तिथे लावून रोह्याची ट्रेन पकडता आली असती. सगळ्यात सोपी गोष्ट ती होती. पण मग शलाका विचारणार, गाडी का नाही आणली? आणि मला सांगावं लागणार की तुझा नवरा जिच्यावर नजर ठेवून आहे ती गाडी मी स्वतः, नारळ फोडून, त्याच्या हातात दिली. पहिल्या वेळी तिला परत सोडायला नेलं तेही याच गाडीतून. मी तिथे बसून स्वतःला सांगितलं की आपल्याला उगाच वाटतंय. ॲपमध्ये हवा दिसते, पेट्रोल दिसतं. बाकी कशाला दिसेल? मग मी गाडी सुरू केली आणि रोह्याच्या दिशेने नेली. चूक केव्हा झाली असं मला कुणी विचारलं, तर ती त्या वेळी झाली.

रोहा

नागोठण्यावरून भिसे खिंडीने रोह्याला उतरलो. कुंडलिका भरलेली होती. पलीकडे धाटावच्या कारखान्यांचा धूर, आणि वाऱ्याने दिशा बदलली की घशात खवखवणारा वास. इथल्या लोकांना तो वास येत नाही, किंवा येतो आणि बोलत नाहीत. ज्या आळीत शिरलो तिथे गाडी थांबायच्या आत मला चार जणांनी विचारलं: कुठले, कुणाकडे, जेवून आलात का. पुण्यात कुणी असं विचारलं तर मला राग येतो. इथे बरं वाटलं. जे विचारत होते ते तोंडावर विचारत होते.

अम्मी दारातच उभ्या होत्या. हलीमा त्यांचं नाव; शलाका त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणते. डोक्यावर पदर, हातात पीठ. त्यांची भाषा आमच्यासारखीच मराठी, पण मध्येच एखादा उर्दू शब्द असा येतो की वाटावं तो मराठीच आहे. म्हणाल्या, "या भाऊ. तुमची लेक सकालपासून रस्त्याला डोळे लावून बसलीय, माझ्या भाकऱ्यांना हात लावत नाय."

शलाका आतून आली. बारीक झाली होती, पण मान सरळ होती. मनगटावरचा पट्टा निघालेला होता. डबे खाली ठेवायच्या आत तिने विचारलं,

"कुणाला सांगितलं नाही ना?"

"नाही."

"गाडीने आलात. गाडीचं ते ॲप कुणाच्या फोनवर आहे? तुमच्याच ना?"

मी म्हणालो, "हो."

एवढंच. एक अक्षर. तिने सुटकेचा श्वास टाकला तो मी बघितला, आणि तरी मी ते अक्षर परत घेतलं नाही.

जेवायला तांदळाची भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी आणि नारळाच्या रसातला बांगडा. जेवण उत्तम होतं म्हणतात. मला चव लागली नाही. मी खिडकीतून गाडीकडे बघत होतो. आरशाजवळ तिचा एक लहान लाल दिवा असतो, गाडी बंद असली तरी लुकलुकत राहतो. हलीमाबाई म्हणाल्या, भाऊ, पुण्याची माणसं जेवताना पण गाडी राखतात की काय, इथं कोन नाय नेनार. शलाका हसली. बाबांची पहिली गाडी आहे हो खाला, म्हणाली.

संध्याकाळी शेजाऱ्यांच्या मोकळ्या खाचरात पोपटी लावली. ज्यांनी खाल्ली नाही त्यांच्यासाठी सांगतो: मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, मध्ये मध्ये ओवा आणि जाडं मीठ, वरून पुन्हा पाला गच्च. मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा, गोवऱ्या रचून पेटवायचं. पाणी एक थेंब नाही. मडक्यावर पाणी शिंपडून बघतात. ते चटकन उडालं की झाली. सगळे भोवती बसतात आणि कुणाची तरी खेचतात. त्या दिवशी माझी खेचत होते. पुण्याचे भाऊ शेंग सालासकट खातात म्हणून हलीमाबाईंनी शेजारणीला सांगितलं, आणि शेजारीण म्हणाली, "ऱ्हाऊ दे गो, साल फुकट जाईल ना." शलाकाच्या चेहऱ्यावर जाळाचा उजेड होता. असं निवांत बसलेलं मी तिला लग्नानंतर बघितलं नव्हतं. रस्त्यावर एखादी गाडी दिसली की मी उठून उभा राहायचो. पाय आखडतात म्हणून सांगायचो.

तेव्हा सांगता आलं असतं. तेव्हाही सांगितलं नाही. तिचा तो चेहरा मोडवेना, असं मी स्वतःला म्हणालो. पण खरी गोष्ट अशी की त्या चेहऱ्याने माझ्याकडे वळून बघितलेलं मला सोसणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पडवीत चहा घेत होतो. घावन होते, सोबत गुळाचं नारळाचं दूध. अंगणाबाहेर गाडी उभी होती. किल्ली माझ्या खिशात. आणि गाडीचा हॉर्न वाजला.

एकदा नाही, लागोपाठ. सगळे दिवे लुकलुकत होते. गाडीत कुणी नव्हतं, जवळ कुणी नव्हतं, समोरच्या घरातली कुत्री भुंकायला लागली. मी किल्ली काढून दाबत राहिलो. मग तो आपोआप थांबला. शेजारीण दारातून म्हणाली, काय झालं गो, आणि हलीमाबाई म्हणाल्या, काय नाय, वायर बियर असेल. शलाका मात्र गाडीकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती. माझ्या हातातल्या फोनवर मेसेज आला तेव्हाही ती माझ्याकडेच बघत होती.

"बाबा, दचकलात का? मीच वाजवला. चालतोय का ते बघत होतो. रोह्यात छान वाटतंय का?"

मी फोन तिच्या हातात दिला. तिने वाचलं. तिच्या ओठांचा रंग गेला.

"ॲप कुणाकडे आहे?"

"त्याच्याकडे."

"काल मी विचारलं तेव्हा?"

"तेव्हाही त्याच्याकडेच होतं. मला कासूपासून ठाऊक होतं."

मला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती चांगल्या हाताने दुसरं मनगट धरून बसली, मोडलेलं होतं ते, आणि अगदी हळू म्हणाली, "तो निघाला असेल, खाला. फोन करून तो कधी येत नाही. निघाल्यावर कळवतो."

पुढचं सगळं हलीमाबाईंनी केलं. त्या घाबरल्या होत्या. तरी पिशवी भरत होत्या. शलाकाचे कपडे, औषधं, बायकोने दिलेले डिंकाचे लाडू. शेजारणीच्या हातात घराची किल्ली दिली, कुणी आलं तर आम्ही लग्नाला गेलोय म्हणून सांग. मी म्हटलं, मी सोडतो तुम्हाला, कुठे जायचं ते सांगा. त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, ज्या भांड्याला भोक पडलंय त्याकडे बघतात तसं.

"तुम्ही गाडी घेऊन निघा, भाऊ. ती हितं राह्यली तर तो माझ्या दारात उभा ऱ्हाईल. आनि आमी कुठं जातो ते तुम्हाला सांगायचं नाय मी. तुम्ही लबाड म्हनून नाय. तुमच्यातून ते भाईर पडतं म्हनून."

शलाका निघताना माझ्याजवळ आली नाही. रिक्षात बसल्यावर मात्र वळून म्हणाली, "बाबा, पट्टा लावा."

वडखळ

रोह्याहून मी एकटा निघालो. त्या गाडीत एकटं बसणं काय असतं ते सांगता येणं कठीण आहे. ब्रेक दाबला की वाटे, हे त्याला दिसलं. एसी लावला, ते दिसलं. वळणावर वेग कमी केला, तेही. शलाकाचं नाव तोंडात आलं तर मी ओठ मिटून घेत होतो; गाडीला कान आहेत का हे मला माहीत नव्हतं, अजूनही नाही. भिसे खिंडीत थांबून उलटी केली. पुन्हा बसलो तर मेसेज आलेला होता.

"एकटेच निघालात, बाबा?"

शेजारच्या सीटवर कुणी बसलं की नाही हे गाडी सांगते, की त्याने अंधारात दगड मारला होता, हे मला आजही कळलेलं नाही. त्या क्षणी मी शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघितलं आणि मला मोठ्या माणसाला शोभणार नाही असं रडू आलं.

वडखळला तो रस्त्याच्या कडेला उभा होता. मला शोधायची त्याला गरज नव्हती; मी किती लांब आहे ते तो हातातल्या फोनवर बघत होता. गाडी थांबवली नसती तर तो मागे आला असता, म्हणून थांबवली. तो आला, वाकून पाया पडला. चहाच्या टपरीवर दोन चहा सांगितले. मला साखर कमी लागते हे त्याने टपरीवाल्याला आठवणीने सांगितलं.

"हवा भरलीत ना चाकात? बरं केलंत," तो म्हणाला. "ती कुठे आहे, बाबा?"

"मला माहीत नाही."

"गाडी कालपासून रोह्यात होती. एकाच जागी."

"मी गाडीबद्दल नाही सांगत. ती कुठे आहे ते मला माहीत नाही."

त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं, फार वेळ. मला त्याचं बघणं आधीपासून माहीत होतं, पण आजवर ते मुलीकडे असायचं. आपल्यावर असलं की कसं वाटतं ते पहिल्यांदा कळलं. माझा चहा सांडला. पण एक बरं होतं. मी खरं बोलत होतो, आणि त्याला ते कळलं. त्याने ग्लास खाली ठेवला.

"तुम्ही दमलात. घरी जा. मी बघतो," असं म्हणून तो रोह्याच्या बाजूला निघून गेला.

नंतर शेजारणीने फोनवर सांगितलं: एक चांगला शिकलेला माणूस आला होता, दाराचे फोटो काढले, आजूबाजूला गोड बोलून चौकशी केली. कुणी त्याला काही सांगितलं नाही. जेवून जा, मात्र म्हणाले.

पुणे

आल्यावर शोरूमला गेलो. बाई सभ्य होत्या. म्हणाल्या, गाडी तुमच्या नावावर आहे सर, पण ॲपमध्ये मुख्य वापरणारे म्हणून ते नोंदलेले आहेत. ते बदलायला त्यांच्या मोबाइलवर येणारा कोड लागेल. मी विचारलं, ते कोड देणार नसतील तर? त्यांनी अर्ज करायला सांगितला, तो केला. त्यांनी दाखवलं तेव्हा मी पहिल्यांदा बघितलं की काय काय जमा होतं: कुठे थांबलो, दार कधी उघडलं, किती जोरात ब्रेक मारला. माझ्या फोनमधली सगळी नावं आणि नंबर गाडीने कधीच आपल्यात उतरवून घेतले होते. त्यांत सबाच्या अम्मीचा नंबरही होता. मी केदारला लिहिलं की ॲप सोड. त्याचं उत्तर आलं: सोयीसाठीच आहे, बाबा, राहू दे की.

गाडीच्या बॅटरीची वायर काढून ठेवली आहे. ती खाली झाकून उभी असते. तरी तिच्यासमोरून जाताना मी काही बोलत नाही.

शलाकाने पोलिसांत तक्रार दिली आहे, वकील बाई आहेत, मेसेज सगळे जपून ठेवलेत. केदार अजून मोकळा आहे, बाहेर आहे, आणि तिला शोधतो आहे. हलीमाबाई आपल्या घरी परतल्या. त्यांच्या दाराला आता आतून दोन कड्या आहेत, त्या माझ्यामुळे.

शलाका कुठे आहे ते मला माहीत नाही. तिच्या आईलाही नाही. तिचा फोन येतो, दर वेळी वेगळ्या नंबरावरून. ती गुडघ्याचं विचारते, मी जेवलीस का विचारतो. परवा ती बोलत असताना तिच्या मागून कुणीतरी काहीतरी विकत, ओरडत चाललं होतं. काय विकत होतं, कुठल्या बोलीत, हे कळायच्या आत मी फोन कानापासून लांब धरला. त्यातून तिचा बारीक आवाज येत होता, बाबा, ऐकताय ना? तो माणूस पुढे निघून गेला असेल असं वाटेपर्यंत थांबलो, आणि मग म्हणालो, हं, बोल.